‘अजून रांगत नाही?’ : बाळाच्या वाढीच्या तक्त्याचे एक वाचन

मागच्या वेळी आपण शाळेच्या प्रगतिपुस्तकाची भाषा पाहिली. कार्यक्रम संपल्यावर एका बाईंनी आम्हाला जिन्यातच गाठलं आणि म्हणाल्या, “प्रगतिपुस्तक शाळेत कुठे सुरू होतं हो? आमच्याकडे ते सहाव्या महिन्यातच सुरू झालंय.” पिशवीतून त्यांनी नातवाची फाइल काढली. मागच्या पानावर तक्ता होता. मान धरणे, पालथे पडणे, बसणे, रांगणे, उभे राहणे, चालणे. समोर महिने. आणि ‘रांगणे’ या शब्दाभोवती लाल पेनने गोल. नातू साडेदहा महिन्यांचा. रांगत नव्हता. आजचं व्याख्यान त्या लाल गोलाबद्दल आहे.

सुरुवातीलाच सांगून टाकतो, आम्ही बालरोगतज्ज्ञ नाही. आमचं काम मजकूर वाचण्याचं. पण हा तक्तासुद्धा एक मजकूरच आहे, आणि महाराष्ट्रात कथा-कवितेपेक्षा कितीतरी जास्त घरांत तो वाचला जातो. दवाखान्याच्या भिंतीवर असतो, अंगणवाडीच्या कार्डावर असतो, आता मोबाइलमध्ये असतो आणि दर आठवड्याला ‘टिंग’ करून आठवणही करतो. इतका वाचला जाणारा मजकूर, आणि त्याची समीक्षा मात्र कोणी करत नाही.

आधी त्याचं व्याकरण पाहू. “बाळ सहाव्या महिन्यात बसते.” साधं वाक्य आहे. पण हा कुठला वर्तमानकाळ? ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ यातला. म्हणजे नियम सांगणारा. ‘बाळ’ एकवचनी आहे, पण ते कुठलंच विशिष्ट बाळ नाही. तुमच्या मांडीवरचं तर नाहीच. खरं वाक्य असं असायला हवं होतं : “ज्या अमुक इतक्या बाळांची नोंद झाली, त्यांतली अर्धी या महिन्यापर्यंत बसू लागली होती.” हे वाक्य चौकटीत मावत नाही, म्हणून छोटं केलं. आणि छोटं करताना उरलेली अर्धी बाळं वाक्याबाहेर पडली. ती अर्धी निरोगी होती, हे सांगायला तिथे जागाच राहिली नाही.

बरं, सगळे तक्ते ‘अर्ध्यां’चाच आकडा देतात असंही नाही. खरी गंमत, किंवा खरा घोळ, इथे आहे. काही तक्त्यांतला आकडा निम्म्या मुलांचा असतो. काहींतला पाऊणशे टक्क्यांचा असतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2022 साली आपली यादी बदलली ती याच धोरणाने, म्हणजे शंभरातल्या निदान पंचाहत्तर मुलांना जे त्या वयात येणं अपेक्षित आहे तेच यादीत ठेवायचं. आणि जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता ‘खिडकी’ देतो, पहिल्या टक्क्यापासून नव्व्याण्णवाव्या टक्क्यापर्यंत. आता एकट्याने चालण्याचं उदाहरण घ्या. सरासरी विचाराल तर साधारण बारा महिने. आरोग्य संघटनेची खिडकी 8.2 ते 17.6 महिने. अमेरिकेच्या नव्या यादीत न धरता चालणं येतं ते अठराव्या महिन्याच्या पानावर. चौदा महिन्यांचं, न चालणारं एक बाळ तीन तक्त्यांपुढे उभं करा. म्हणजे, बसवा. पहिल्यात ते दोन महिने मागे आहे, दुसऱ्यात खिडकीच्या आत आहे, तिसऱ्यात त्याला अजून प्रश्नच विचारलेला नाही. बाळ तेच. पण तक्त्यांवर हा आकडा कुठल्या जातीचा आहे ते बहुधा लिहिलेलं नसतं. रेल्वेच्या वेळापत्रकात गाडी सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ आणि ‘सरासरी उशीर’ एकाच रकान्यात छापले तर फलाटावर जे होईल, ते आज घराघरात होतंय.

हा तक्ता आला कुठून? त्याचा इतिहास लांब आहे, पण एक माणूस टाळता येत नाही : आर्नल्ड गेझेल. अमेरिकेत न्यू हेवनला, येल विद्यापीठात, 1911 साली त्यांनी बालविकासाचं केंद्र काढलं. घुमटासारखी एक खोली, आत बाळ, बाहेरून पाहणारे लोक आणि चित्रपटाचा कॅमेरा. 1934 साली त्या चित्रांतून बाळांच्या हालचालींचा अ‍ॅटलास निघाला. अ‍ॅटलास! म्हणजे नकाशांचं पुस्तक. शब्दच बोलका आहे. नकाशा करणाऱ्याचा विश्वास असतो की भूमी स्थिर आहे, आपण फक्त मोजायची. गेझेल यांचाही विश्वास होता की बाळाच्या आत एक घड्याळ आहे, ते आपल्या वेळेने चालतं, आणि शिकवण्याने त्यात फारसा फरक पडत नाही. मोजलेली बाळं मात्र प्रामुख्याने एका शहरातली, गोऱ्या मध्यमवर्गीय घरांतली.

घड्याळाचा पुरावा म्हणून त्यांचा एक प्रयोग अजूनही पाठ्यपुस्तकांत असतो. 1929 चा. एकसारख्या जुळ्या मुली, ‘टी’ आणि ‘सी’. ‘टी’ला 46व्या आठवड्यापासून सहा आठवडे जिना चढायचा सराव दिला. ‘सी’ला नाही दिला. मग 53व्या आठवड्यापासून ‘सी’ला फक्त दोन आठवडे सराव दिला, आणि तिने बहिणीला गाठलं. निष्कर्ष : घाई व्यर्थ आहे, वेळ आली की येतं. ऐकायला फार समाधान देणारी गोष्ट. आमच्या आजीलाही पटली असती. पण समीक्षक म्हणून विचारावं लागतं, की गोष्टीतली दुसरी मुलगी त्या सहा आठवड्यांत करत काय होती? जिना चढत नव्हती, ठीक. पण झोपून तर नव्हती. रांगत असेल, पलंगाला धरून उठत असेल, कशावर तरी चढायचा प्रयत्न करत असेल. तिला ‘सराव नाही’ हे प्रयोगकर्त्याच्या वहीत खरं, तिच्या पायांच्या दृष्टीने नाही. आणि एका जोडीवरून सगळ्या मानवजातीचं घड्याळ लावायचं, हे जरा जास्तच.

त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये मर्टल मॅकग्रॉ यांनी जॉनी आणि जिमी या जुळ्यांवर काम केलं. त्यांचं पुस्तक 1935 चं. जॉनीला अगदी तान्हेपणापासून पोहणं, उतारावर चढणं, चाकांच्या बुटांवर घसरणं असलं काय काय शिकवलं. जिमीला तसं काही नाही. बसणं-चालणं दोघांचं मागेपुढे सारख्याच वेळी झालं, पण शिकवलेल्या कसरतींत जॉनी स्पष्ट पुढे होता. तीनचाकी सायकलवर मात्र त्याला लवकर बसवून महिनोन् महिने काही उपयोग झाला नाही. म्हणजे निष्कर्ष गुंतागुंतीचा होता. वर्तमानपत्रांना गुंतागुंत नको होती. त्यांनी आधी जॉनीला डोक्यावर घेतलं आणि नंतर ‘प्रयोग फसला’ म्हणून चेष्टा केली. जाता जाता : ते दोघे एकसारखे जुळे नव्हतेच, हे पुढे कळलं. गेझेल यांची सुबक गोष्ट टिकली, मॅकग्रॉ यांची अवघड गोष्ट मागे पडली. साहित्याच्या इतिहासात हे आपण पुष्कळदा पाहिलंय.

आता ज्या कामामुळे आम्ही स्वतः या विषयाकडे ओढले गेलो, त्याकडे येऊ. नवजात बाळाला काखेत धरून तळवे गादीला टेकवले, तर ते चालल्यासारखे पाय उचलतं. घरातल्या बायकांना हे माहीत असतं. “आत्तापासून चालतोय बघ” म्हणून हसतातही. दोनेक महिन्यांत हे थांबतं. का थांबतं? जुनं उत्तर असं, की मेंदू मोठा झाला, त्याने ही आदिम हालचाल दाबून टाकली. घड्याळाचंच उत्तर. एस्थर थेलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली एक साधी गोष्ट केली. ज्या बाळांचं पाय उचलणं थांबत आलं होतं त्यांना छातीपर्यंत पाण्यात धरलं. पाय परत चालायला लागले. उलट, जी बाळं पाय उचलत होती त्यांच्या पायांना छोटी वजनं बांधली. त्यांचं उचलणं कमी झालं. म्हणजे मेंदूने काही दाबलं नव्हतं. पहिल्या दोन महिन्यांत पायांवर चरबी भराभर चढते, स्नायूंची ताकद तेवढ्या वेगाने वाढत नाही. पाय जड झाले होते, बस.

मंडळी, आपल्याकडे याला शब्द आहे. बाळसं. “बाळसं धरलंय हो” असं आपण कौतुकाने म्हणतो. ते बाळसंच पाय खाली ओढत होतं. आम्हाला त्यात सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं, की तक्त्याचा पायाच इथे हलतो. तक्ता धरून चालतो की प्रत्येक हालचालीमागे आत कुठेतरी एक कळ आहे, ती ठरल्या महिन्यात दाबली जाते. थेलेन यांनी दाखवलं की हालचाल अनेक गोष्टींच्या जुळणीतून होते : मेंदू, स्नायू, वजन, पायाखालची जमीन, पाणी की हवा, धरणाऱ्याचे हात. त्यातली एक बदला, हालचाल बदलते. एका रकान्यात एक आकडा लिहिणाऱ्याला हे सोयीचं नाही.

धरणाऱ्याच्या हातांवरून केनिया. 1976 साली चार्ल्स सुपर यांनी किप्सिगिस समाजातल्या बाळांबद्दल लिहिलं. ती बाळं अमेरिकन बाळांपेक्षा साधारण महिनाभर आधी बसत, चालत. त्याआधी याला ‘आफ्रिकी बाळांची उपजत आघाडी’ म्हणायची पद्धत होती. सुपर यांनी पाहिलं, की तिथल्या आया बाळाला बसायला चक्क शिकवतात. जमिनीत उथळ खळगा करून, भोवती कापड लावून त्यात बसवतात. त्यांच्या भाषेत बसायला शिकवणं, चालायला शिकवणं यांना स्वतंत्र शब्द आहेत. आणि ज्या हालचाली शिकवत नाहीत, रांगण्यासारख्या, त्यांत ही आघाडी दिसली नाही. दुसऱ्या बाजूला, वेन आणि मार्सेना डेनिस यांनी 1940 साली अमेरिकेतल्या होपी लोकांत पाळण्याच्या फळीला बांधून ठेवलेली बाळं पाहिली. ती इतरांइतक्याच वेळेला चालली. दोन्ही खरं आहे. आमच्या मालिशवाल्या बाई या दोनांतली पहिली गोष्ट ऐकून खूश झाल्या असत्या आणि दुसरी ऐकून म्हणाल्या असत्या, “त्यांना बांधलं तरी मालिश कोणी तरी करतच असणार!”

पांगुळगाड्याचा उल्लेख केल्याशिवाय मराठी माणसाला पुढे जाता येत नाही. आपला जुना लाकडी पांगुळगाडा, तीन चाकांचा, बाळ मागे उभं राहून ढकलतं. वजन स्वतःच्या पायांवर, तोलही स्वतःचा. आज दुकानात ‘वॉकर’ म्हणून मिळतो त्यात बाळ मध्ये झोळीत लोंबकळतं, पायांची बोटं टेकवत सुसाट जातं, आणि स्वतःचे पायही त्याला धड दिसत नाहीत. नाव आपण दोघांना एकच देतो, यंत्रं मात्र उलट आहेत. दुसऱ्याने चालणं लवकर येत नाहीच, उशीर होऊ शकतो. आणि जिन्यावरून पडण्याचे अपघात इतके, की कॅनडाने 2004 साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे तो बारशाला भेट म्हणून येतो.

आता सध्याच्या तक्त्यांमधला आम्हाला सगळ्यात प्रामाणिक वाटणारा, जागतिक आरोग्य संघटनेचा. 2006 साली आला. हालचालींच्या नोंदी पाच देशांतल्या : घाना, भारत, नॉर्वे, ओमान, अमेरिका. 816 मुलं. सहा टप्पे. त्याचं मोठेपण असं की त्याने आकडा सोडून खिडकी दिली. आधाराशिवाय बसणं 3.8 ते 9.2 महिने. हात-गुडघ्यांवर रांगणं 5.2 ते 13.5. केवढ्या रुंद खिडक्या आहेत पाहा! आणि 4.3 टक्के मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. त्या बाईंना आम्ही हेच सांगितलं. साडेदहा महिने हे खिडकीच्या आत आहे. शिवाय विचारल्यावर कळलं, की नातू बुडावर बसून, एक पाय आखडून, सपासप सरकत स्वयंपाकघरात जातो. आमच्या घरातही अशी एक मुलगी होती. एका पाळणाघराच्या प्रवेश-अर्जावर ‘रांगते का? होय / नाही’ असं होतं. आम्ही ‘बुडावर सरकते’ असं लिहिलं. ते खोडून ‘नाही’वर खूण झाली. बुडावर सरकणारी मुलं पुष्कळदा उशिरा चालतात, घराण्यातही तसं असतं. तीही सोळाव्या महिन्यात चालली. पण ती ‘नाही’ तिच्या आईच्या डोक्यातून बरेच महिने गेली नाही.

पण या चांगल्या तक्त्याचीही चिकित्सा करायला हवी. त्यातली भारतीय मुलं कुठली? दक्षिण दिल्लीची. अभ्यासाची अटच होती की वाढीला अडथळा नसलेली घरं निवडायची : आईचं दूध, आई धूम्रपान न करणारी, घरची परिस्थिती बरी. हेतू स्पष्ट होता, मुलं कशी वाढतात हे नाही, सगळं नीट मिळालं तर कशी वाढू शकतात हे दाखवायचं. म्हणजे हा तक्ता वर्णन कमी, मागणी जास्त आहे. आणि ही मागणी बाळाकडे नाही, त्याच्या भोवतालच्या व्यवस्थेकडे आहे. आपण मात्र ती बाळाकडे आणि आईकडे वळवतो.

इथेच आम्हाला दुसऱ्या बाजूला वळायचंय, कारण एव्हाना सभागृहात बऱ्याच माना डोलायला लागल्यात आणि त्याची आम्हाला भीती वाटते. “प्रत्येक बाळाची आपापली गती असते.” हे वाक्य आजकाल फार गोड करून सांगितलं जातं. चांगलं खाल्लेल्या, लसी घेतलेल्या, वर्षातून सहा वेळा डॉक्टरकडे जाणाऱ्या बाळाच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. मेळघाटातल्या किंवा नंदुरबारच्या पाड्यावरच्या कुपोषित, रक्त कमी असलेल्या बाळाच्या बाबतीत ते क्रूर होऊ शकतं. तिथे उशिरा चालणं ही ‘गती’ नसते, उपाशीपण असतं. आणि शहरातसुद्धा, “त्याचे बाबाही उशिराच चालले” या एका वाक्याने किती मुलांचे उपचाराचे पहिले महिने गेले असतील! सेरेब्रल पाल्सीच्या बाळाला फिजिओथेरपी जितकी लवकर तितकी बरी. अठरा महिने झाले आणि मूल चालत नाही, तर मग खिडकी संपली. वाट पाहायची नाही. मुलगा असेल तर स्नायूंच्या एका आनुवंशिक आजारासाठी रक्ताची साधी तपासणी तेव्हा करून घेतात. तक्त्यावर टीका करणं म्हणजे तक्ता फाडणं नव्हे.

आमची खरी तक्रार वेगळी आहे. तक्ता फक्त ‘कधी’ विचारतो, ‘कसं’ विचारत नाही. जाणकार माणूस बाळाकडे पाहतो तेव्हा महिन्याइतकंच आणखी काही पाहतो. दोन्ही बाजू सारख्या चालतात का? वर्षाच्या आतच बाळ एकच हात वापरतंय, दुसरा मुठीत आखडलेला आहे का? “आमचा डावखुरा होणार” म्हणून घरचे खूश असतात, आणि तीच खूण धोक्याची असू शकते. अंग लाकडासारखं ताठ आहे की चिंधीसारखं सैल? आणि आलेली गोष्ट परत गेली का, म्हणजे बसत होतं आणि आता बसत नाही? हे कुठल्याही महिन्यात घडलं तरी त्याच आठवड्यात दाखवायचं. अमेरिकेच्या नव्या यादीतून 2022 मध्ये रांगणं काढून टाकलं, तेव्हा तिथले फिजिओथेरपिस्ट चिडले ते काहीसं यासाठीच. आम्हाला दोन्ही बाजू पटतात. ‘रांगलं का?’ हा प्रश्न गेला ते बरं झालं. ‘कसं सरकतं?’ हा यायला हवा होता, तो आला नाही.

‘पहिलं पाऊल’ हीसुद्धा तक्त्याचीच कल्पना. एक दिवस, एक फोटो. केरन अ‍ॅडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी 2012 साली मोजलं : बारा ते एकोणीस महिन्यांची मुलं मोकळी खेळत असताना तासाला सरासरी 2368 पावलं टाकतात आणि 17 वेळा पडतात. तासाला! यातलं कुठलं ‘पहिलं’?

आपल्याकडे तक्ता करणाऱ्यांतही एक मराठी नाव आहे, ते सांगायलाच हवं. प्रमिला फाटक. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्यांनी भारतीय बाळांवर काम करून आपल्या मुलांचे मापदंड बसवले. 1997 साली सुधारलेल्या त्या चाचणीत 67 बाबी हालचालींच्या आहेत. ती पार पाडायला प्रशिक्षित माणूस लागतो, तो बाळासोबत खाली बसतो, वस्तू पुढे ठेवतो, वाट पाहतो. तिच्यातूनच निवडलेल्या 17 बाबींची छोटी चाळणी तिरुवनंतपुरमला तयार झाली, कारण गर्दीच्या दवाखान्यात तेवढाच वेळ असतो. मोठ्या चाचणीचा छोटा तक्ता, छोट्याचं कार्ड, कार्डाचं मोबाइलवरचं ‘टिंग’. प्रत्येक पायरीवर वाट पाहणारा माणूस थोडा थोडा कमी होत गेला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला तो आपल्या पालघरमधून, आणि त्यात विकासातला विलंब हा तपासणीचा स्वतंत्र भाग आहे. जिल्ह्याला उपचारकेंद्र असावं असंही त्यात आहे. तेव्हा लाल गोल काढणाऱ्या पेनाने पुढची एक ओळसुद्धा लिहावी : कुठे जायचं, कोणाला भेटायचं. नुसता गोल काढून फाइल परत देणं, याला आम्ही तपासणी म्हणत नाही.

वेळ संपत आलीय. एक चिठ्ठी आलीय, वाचतो : “माझी मुलगी आठ आठवडे आधी जन्मली. आता दहा महिन्यांची आहे. तक्त्यात कुठल्या महिन्यात बघू?” ताई, आठव्या महिन्यात बघा. जितके आठवडे आधी जन्म, तितके वजा करायचे. दोन वर्षांची होईपर्यंत असंच धरतात. हे तुमच्या फाइलवर छापलेलं नसेल, तर वरच्या कोपऱ्यात स्वतः लिहून ठेवा, म्हणजे पुढचा वाचणारा चुकणार नाही. आणि दोन्ही हात सारखे वापरते ना, तेवढं आज घरी गेल्यावर पाहा.